मनिलातली म्युनिसिपालिटीची शाळा

‘म्युनिसिपालिटीची शाळा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. पोपडे निघालेल्या भिंती, दुपारची खिचडी, आणि दुसरीकडची फी परवडत नाही म्हणून इथे घातलेली पोरं. फिलिपिन्समध्ये मात्र गंमत आहे. तिथल्या बड्या घरची मुलं जिथे जातात, राष्ट्राध्यक्ष जिथून शिकून बाहेर पडले, त्या अतेनेओ दे मनिला या कॅथलिक विद्यापीठाचं पाळण्यातलं नाव होतं ‘एस्कुएला मुनिसिपाल दे मनिला’. मराठीत सांगायचं तर मनिला म्युनिसिपालिटीची शाळा.

या शाळेचा इतिहास वाचताना सनावळीत आणि फादर लोकांच्या नावांत माणूस हरवतो. त्यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर चार प्रश्न विचारत जावं: पैसे कोण देतंय, शिकवतंय कोण, बाकावर कोण बसलंय, आणि फळ्यावरची भाषा कुठली? उत्तरं दर वेळी बदलतात, आणि त्या बदलांत फिलिपिन्सचा दीडशे वर्षांचा इतिहास येऊन जातो.

सुरुवात शिकवणाऱ्यांपासून करू. ही शाळा जेसुइटांची, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाची. इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या या संघाला पोपची मान्यता मिळाली १५४० मध्ये. आपल्याला हे लोक परके नाहीत. ‘क्रिस्तपुराण’ मराठीत लिहिणारे फादर स्टीफन्स जेसुइटच होते. मनिलात ही मंडळी १५८१ मध्ये पोचली, आणि त्या शतकाच्या अखेरीस तिथे त्यांचं कॉलेजही सुरू झालं. पुढे अठराव्या शतकात युरोपातल्या राजांना यांचं वजन खुपायला लागलं. राजापेक्षा पोपचं ऐकणारे, शाळा आणि जमिनी बाळगून असलेले हे लोक डोईजड झाले होते. पोर्तुगालने त्यांना १७५९ मध्ये हाकललं, तेव्हाच गोव्यातूनही त्यांचं उच्चाटन झालं. फिलिपिन्सवर राज्य करणाऱ्या स्पेनने १७६७ मध्ये तोच हुकूम काढला. तो जहाजातून मनिलाला पोचेपर्यंत १७६८ साल उजाडलं. सगळी मालमत्ता सरकारजमा झाली आणि फादरांची रवानगी झाली. १७७३ मध्ये तर पोपनेच अख्खा संघ बरखास्त केला. १८१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला, पण मनिलाच्या धक्क्यावर जेसुइटांचं पाऊल परत पडलं ते एप्रिल १८५९ मध्ये. मध्ये ९१ वर्षं गेली होती.

आले ते दहाजण होते, आणि शाळा चालवायला आलेच नव्हते. त्यांना जायचं होतं दक्षिणेला मिंदानाओ बेटावर, मिशनच्या कामासाठी. पण मनिलातल्या स्पॅनिश नागरिकांनी त्यांना धरून ठेवलं. आमच्या पोरांना आधी शिकवा, मग कुठे जायचं तिथे जा, असा त्यांचा आग्रह. शहरात म्युनिसिपालिटीच्या पैशावर चालणारी एक छोटी शाळा होती, स्पॅनिश घरांतली तीसेक मुलं असलेली. गव्हर्नर जनरल नोर्सागाराय यांनी ती जेसुइटांच्या गळ्यात घातली. १० डिसेंबर १८५९ रोजी त्यांनी शाळा ताब्यात घेतली. अतेनेओ आजही आपलं वय याच तारखेपासून मोजतं.

शाळा होती इंत्रामुरोस भागात. या शब्दाचा अर्थच ‘भिंतींच्या आत’. आपल्या मुंबईच्या फोर्टसारखं समजा. आपल्या फोर्टची तटबंदी पुढच्याच दशकात पाडली गेली आणि फोर्ट फक्त नावापुरता उरला. मनिलाची तटबंदी मात्र राहिली. तिच्या आत स्पॅनिश लोक, चर्च, कचेऱ्या. बाहेर बाकीचे सगळे.

आता बाकावर कोण बसणार हा प्रश्न. स्पॅनिश राजवटीत माणसांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. स्पेनमध्ये जन्मलेला गोरा सर्वांत वर, फिलिपिन्समध्ये जन्मलेला गोरा त्याच्या खाली, मग मिश्र रक्ताचे मेस्तिसो, आणि तळाशी स्थानिक माणूस. त्याला म्हणायचे ‘इंडिओ’. कोलंबसाची चूक किती लांब पोचली बघा. तो निघाला होता आपल्या दिशेला, पोचला भलतीकडेच, आणि त्या गफलतीतून निघालेलं नाव मनिलाच्या शेतकऱ्याला चिकटलं. स्पॅनिश मुलांसाठी काढलेल्या या शाळेत जेसुइटांनी इंडिओ आणि मेस्तिसो मुलांनाही घ्यायला सुरुवात केली. पुढची सगळी कथा घडली ती या एका निर्णयामुळे.

१८६५ मध्ये शाळेला माध्यमिक शिक्षणाचा दर्जा मिळाला आणि नाव झालं ‘अतेनेओ मुनिसिपाल दे मनिला’. अतेनेओ म्हणजे विद्येचं घर, अथेना देवीच्या नावावरून आलेला शब्द. इथून ‘बाचिएर’ ही पदवी मिळे. तिला मॅट्रिक म्हणा की इंटर, दोन्हींच्या मधलं काहीतरी. लॅटिन, ग्रीक, स्पॅनिश, गणित, तत्त्वज्ञान, विज्ञान, शिवाय जमीन मोजणीसारखे पोटापाण्याचे अभ्यासक्रम.

शिकवण्याची तऱ्हा मात्र न्यारी. वर्गाचे दोन तट पाडलेले: वसतिगृहातली मुलं रोमन आणि बाहेरून येणारी कार्थेजी. रोमनांचा झेंडा लाल, कार्थेजींचा निळा. प्रत्येक तटात हुद्दे. सर्वांत हुशार मुलगा सम्राट, त्याच्याखाली ट्रिब्यून, मग डेक्युरियन, सेंच्युरियन आणि झेंडेकरी. हुद्दा कायमचा नव्हे. खालच्याने वरच्याला प्रश्नांत गाठायचं, तीन चुका काढून दाखवल्या की त्याची जागा आपली. अख्खा तट हरत गेला की त्याच्या झेंड्याची जागा उतरत जाई, मग झेंडा तिरका होई, मग उलटा. आणि सहाव्यांदा हरलं की झेंड्याच्या जागी गाढवाचं चित्र! आजच्या शिक्षणतज्ज्ञांना हे वाचून घाम फुटेल. पण यातली एक गोष्ट लक्षात घ्या. तटबंदीच्या बाहेर इंडिओने गोऱ्यासमोर टोपी काढून उभं राहायचं, आणि या वर्गात तोच इंडिओ तीन चुका काढून दाखवून गोऱ्या पोराला बाकावरून उठवू शकत होता.

जून १८७२ मध्ये कालांबा गावाहून अकरा वर्षांचा एक किरकोळ अंगाचा मुलगा प्रवेशासाठी आला. नोंदणी करणाऱ्या फादरनी आधी नकार दिला: मुदत उलटून गेली होती आणि पोरगं अशक्त दिसत होतं. शेवटी मानुएल बुर्गोस नावाच्या ओळखीच्या माणसाने शब्द टाकला आणि नाव दाखल झालं. नाव होतं होसे रिझाल, पुढे फिलिपिन्सचा राष्ट्रपुरुष ठरलेला लेखक.

हा बुर्गोस कोण, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण गुंता इथेच आहे आणि तो मजेदारही आहे. जेसुइट परत आले तेव्हा मिंदानाओची मिशनं त्यांना देण्यात आली. तिथे आधीपासून होते रेकोलेक्ट संघाचे फ्रायर, म्हणजे मठाची दीक्षा घेतलेले धर्मगुरू. त्यांची जागा गेली, तर त्यांना भरपाई हवी. भरपाई दिली मनिला आणि काविते परिसरातल्या चर्चची. पण त्या चर्चमध्ये कोण होतं? फिलिपिनो धर्मगुरू. म्हणजे एकाचं घेऊन दुसऱ्याला दिलं, आणि ज्याचं गेलं त्याला वाली नाही. या अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्यांत फादर होसे बुर्गोस पुढे होते. जानेवारी १८७२ मध्ये काविते इथे सैनिकांचं बंड झालं, आणि सरकारने संधी साधून बुर्गोस, गोमेस आणि सामोरा या तीन फिलिपिनो धर्मगुरूंना त्यात गोवलं. १७ फेब्रुवारीला बागुम्बायान मैदानावर गळ्याभोवती लोखंडी पट्टा आवळून त्यांना मारण्यात आलं. तिघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून ‘गोम्बुर्सा’ हा शब्द फिलिपिन्समध्ये आजही उच्चारला जातो.

रिझालसाठी शब्द टाकणारा मानुएल हा या फादर बुर्गोस यांचा पुतण्या. त्या मृत्युदंडाला जेमतेम चार महिने झाले होते. रिझालचा थोरला भाऊ पासियानो हा फादर बुर्गोस यांच्या निकटचा, त्यामुळे ‘मेरकादो’ हे घरचं आडनाव सरकारी नजरेत आलेलं. म्हणून धाकट्याने ‘रिझाल’ हे दुसरं आडनाव लावलं. जेसुइट परत आल्याने ज्या वादाची ठिणगी पडली, त्याच वादात होरपळलेलं एक घर आपला मुलगा जेसुइटांच्याच शाळेत घालतं. घरच्यांना यात काही विसंगत वाटलं असेल असं दिसत नाही. चांगली शाळा ती चांगली शाळा.

रिझाल बाहेरून येणारा, म्हणून कार्थेजी. नवा, म्हणून रांगेत सर्वांत शेवटी. महिन्याभरात तो सम्राट झाला होता. बक्षीस मिळालं एक धार्मिक चित्र. त्याची स्पॅनिश कच्ची होती, घरची भाषा तागालोग. मग दुपारच्या सुट्टीत तीन पेसो फी भरून तो सांता इसाबेल कॉलेजात स्पॅनिश शिकायला जाई. इंग्रजी माध्यमात पाचवीपासून घातलेल्या आपल्याकडच्या मुलांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. गणवेश होता निळ्या-पांढऱ्या रेघांच्या सुती कापडाचा. त्या कापडाला म्हणत रायादिल्यो. पुढे पंचवीस वर्षांनी याच कापडाचे गणवेश घालून फिलिपिनो क्रांतिकारी सैन्य उभं राहिलं.

मार्च १८७७ मध्ये रिझाल सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला. शाळेत असताना त्याने साध्या चाकूने लाकडातून येशूच्या पवित्र हृदयाची एक छोटी मूर्ती कोरली होती. ती पुढे पुन्हा येणार आहे.

इथे जरा बाजूला होऊ या, कारण या शाळेची दुसरी ओळख हवामानखात्याची आहे. १८६५ च्या सप्टेंबरात मनिलावर मोठं वादळ आलं. तिथे वादळाला ‘बाग्यो’ म्हणतात, आपण टायफून. अतेनेओतल्या जेसुइटांनी त्या वादळात वाऱ्याच्या आणि हवेच्या दाबाच्या नोंदी ठेवल्या, आणि त्यातून वेधशाळा जन्माला आली. फादर फेदेरिको फाउरा यांनी पुढे ती नावारूपाला आणली. तत्त्व साधं आहे. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो. वादळ जवळ येऊ लागलं की बॅरोमीटरचा पारा उतरायला लागतो, आणि वारा कुठल्या दिशेने कुठल्या दिशेला फिरतोय यावरून वादळ कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. फाउरा वर्षानुवर्षांच्या नोंदी ताडून पाहत. ७ जुलै १८७९ रोजी त्यांनी वादळाचा पहिला जाहीर इशारा दिला. पाच वर्षांत सरकारने वेधशाळेला अधिकृत दर्जा दिला. बंदरातून जहाज हाकारायचं की नाही, हे शाळामास्तर सांगू लागले.

परत मूळ वाटेवर. रिझाल पुढच्या शिक्षणाला आधी डोमिनिकन संघाच्या फ्रायरांच्या सांतो तोमास विद्यापीठात आणि मग युरोपात गेला. १८८७ मध्ये बर्लिनमध्ये त्याची ‘नोली मी तांगेरे’ ही कादंबरी छापली गेली आणि फ्रायर मंडळी खवळली. तिच्यात त्यांचं वस्त्रहरण होतं. जेसुइटांवर त्याने तसा हल्ला चढवला नाही. का? शाळेचं प्रेम हे एक कारण, पण दुसरं जास्त रोखठोक आहे. लुसोन बेटावर फ्रायरांच्या ताब्यात गावंच्या गावं होती. रिझालच्या घरचे डोमिनिकनांच्या जमिनीवरचे कुळवाडी, आणि त्याच वादात पुढे त्यांना घराबाहेर काढण्यात आलं. जेसुइटांच्या जमिनी मात्र १७६८ मध्येच जप्त झाल्या होत्या. उशिरा परत आलेल्या या मंडळींकडे लुसोनमध्ये ना गावचं चर्च होतं, ना खंड वसूल करायला शेतं. होत्या त्या शाळा. कुळांशी भांडण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं.

तरीही जेसुइट स्पेनच्याच बाजूचे होते, हे विसरून चालणार नाही. स्पेनविरुद्धच्या क्रांतीला त्यांचा पाठिंबा नव्हता. डिसेंबर १८९६ मध्ये बंडाच्या आरोपावरून रिझालला मृत्युदंड झाला तेव्हा जुने गुरुजी कोठडीत येऊ-जाऊ लागले. त्यांच्यातले फादर विसा येताना एक वस्तू घेऊन आले: शाळेत असताना त्याने कोरलेली ती लाकडी मूर्ती. इतकी वर्षं शाळेने ती जपून ठेवली होती. शेवटच्या रात्री रिझालने आपली धर्मविरोधी मतं मागे घेतली असं जेसुइटांचं म्हणणं. खरं की खोटं यावर फिलिपिन्समध्ये अजून वाद होतात, आणि मूर्ती जपण्यामागे माया होती की डावपेच, हे ज्याच्या त्याच्या मतावर आहे. मला विचाराल तर दोन्ही असावं. ३० डिसेंबरच्या सकाळी दोन जेसुइटांच्या मधून चालत तो बागुम्बायानकडे निघाला. वाटेत तटबंदीपलीकडचे मनोरे दिसले. ते अतेनेओचेच का, असं त्याने विचारलं, आणि आपण तिथे सात वर्षं काढल्याचं सांगितलं.

दोनच वर्षांत राज्य पालटलं. १८९८ च्या पॅरिस तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केलं. अमेरिकेत चर्च वेगळं, सरकार वेगळं. त्यामुळे १९०१ मध्ये कॅथलिक शाळेला मिळणारं म्युनिसिपालिटीचं अनुदान बंद पडलं. पैसे गेले तसं नावातलं ‘मुनिसिपाल’ही गेलं. खाजगी शाळा म्हणजे फी, आणि फी म्हणजे गाळणी. स्पॅनिश काळात रक्ताच्या पायऱ्या ओलांडू देणारी शाळा आता पैशाच्या पायरीवर येऊन थांबली. त्याच साली सरकारी शाळांसाठी अमेरिकेहून पाचेकशे शिक्षक जहाज भरून आले आणि देशाची शिक्षणाची भाषा इंग्रजी झाली. अतेनेओत मात्र स्पॅनिश फादर स्पॅनिशमध्येच शिकवत राहिले. हे किती दिवस चालणार?

याचं उत्तर मिळालं, आणि त्यात आपली मुंबई आहे.

मुंबईत जेसुइटांचं काम होतं जर्मनांकडे. धोबी तलावचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये त्यांनीच काढलं. पहिलं महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश मुलखात जर्मन माणूस म्हणजे शत्रू ठरला. झेवियर्सचे जर्मन प्राध्यापक नजरकैदेत गेले, मायदेशी धाडले गेले. त्यांच्या जागी अमेरिकन जेसुइट आणायचं घाटत होतं, पण ब्रिटिश सरकार त्याला राजी होईना. मनिलात नेमका उलटा पेच: राज्य अमेरिकेचं, शिकवणारे स्पॅनिश. मग १९२१ मध्ये सरळ अदलाबदल झाली. अमेरिकेच्या मेरीलँड-न्यूयॉर्क प्रांताचे जेसुइट मनिलाला गेले, आणि मनिला सांभाळणाऱ्या स्पेनच्या अरागॉन प्रांताकडे मुंबई आली. दुसऱ्याच वर्षी अरागॉन प्रांताचे एक फादर मुंबईत उतरले, झेवियर्समध्ये इतिहास शिकवू लागले आणि सिंधू संस्कृतीच्या लिपीत बुडून गेले. ते फादर हेन्री हेरास. हेरास इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची. झेवियर्सच्या त्या दगडी कमानींखालून जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल की त्यांच्या कॉलेजचा आणि मनिलाच्या शाळेचा असा बाजारात अदलाबदलीचा सौदा झाल्यासारखा संबंध आहे?

अमेरिकन आले तशी इंग्रजी आली, वक्तृत्वस्पर्धा आली, नाटकं आली, आणि बास्केटबॉल आला. हा शेवटचा खेळ फिलिपिन्समध्ये आज आपल्या क्रिकेटसारखा आहे. अतेनेओ आणि मनिलातलंच दे ला साल विद्यापीठ यांच्यातला सामना म्हणजे गावाने दोन तटांत विभागून भांडायचा सण. रोमन आणि कार्थेजी गेले, निळे आणि हिरवे आले. अतेनेओचा रंग निळाच आहे, कार्थेजींचा. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

मग शाळेच्या मागे आग लागली, शब्दशः. १३ ऑगस्ट १९३२ रोजी इंत्रामुरोसमधली इमारत जळाली, ग्रंथालय आणि संग्रहालयासकट. शाळा एर्मिता भागात वेधशाळेच्या आवारात गेली. त्या रस्त्याचं नाव ‘पाद्रे फाउरा’, म्हणजे वादळाचा इशारा देणारे तेच फादर. तिथे जेमतेम तेरा वर्षं गेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये माघार घेणारे जपानी आणि चाल करून येणारे अमेरिकन यांच्यामध्ये मनिला सापडली. महिन्याभरात एक लाखाच्या आसपास नागरिक मेले. जपान्यांच्या कत्तली एकीकडे आणि अमेरिकन तोफा दुसरीकडे. अतेनेओच्या आवारात उभा राहिला तो फक्त संत जोसेफ आणि बाळ येशूचा पुतळा. इंत्रामुरोसमधलं जेसुइटांचं सान इग्नासिओ चर्चही गेलं. फिलिपिनो कारागिरांनी आतून लाकडी कोरीवकामाने मढवलेलं ते चर्च उभं राहून साठ वर्षंही झाली नव्हती.

युद्ध संपताच साम्पालोकमध्ये तात्पुरते वर्ग भरले, मग पाद्रे फाउरालाच सैन्याच्या पत्र्याच्या अर्धगोल शेडमध्ये. १९५२ मध्ये फादर विल्यम मास्टरसन यांनी शाळा उचलून थेट शहराबाहेर नेली, केसोन सिटीच्या लोयोला हाइट्स टेकडीवर, मारिकिना खोऱ्याच्या माथ्यावर. १९५८ मध्ये फादर फ्रान्सिस्को आरानेता प्रमुख झाले, पहिलेच फिलिपिनो. म्हणजे शाळा सुरू झाल्यावर ९९ वर्षांनी. १९५९ मध्ये विद्यापीठाचा दर्जा आला.

टेकडीवरची हवा चांगली, पण टेकडी ती टेकडीच. १९६८ मध्ये काही विद्यार्थ्यांनी कॉलेजच्याच नियतकालिकात जाहीरनामा छापला. त्याचं शीर्षक ‘डाऊन फ्रॉम द हिल’, टेकडीवरून खाली उतरा. विद्यापीठ मूठभर श्रीमंतांची चाकरी करतंय, कारभार फिलिपिनोंच्या हाती द्या, अशी मागणी होती. त्यानंतर वर्गात फिलिपिनो भाषेला जागा मिळत गेली. हा वाद चालू असतानाच १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा पुकारला. ज्या संस्थेने बेनिग्नो आकिनोसारखा विरोधी नेता दिला, तिच्याच आवारातली काही मुलं भूमिगत झाली. १९७३ मध्ये कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला. तोवर बाकावर कोण बसणार या प्रश्नाचं हे उत्तर कोणी विचारातच घेतलं नव्हतं.

आज इंत्रामुरोसमध्ये सान इग्नासिओ चर्चच्या जागी ते पुन्हा बांधून संग्रहालय केलं आहे. पाद्रे फाउराच्या जागेवर मॉल आहे. तिथे उरलेला संत जोसेफ टेकडीवर जेसुइटांच्या निवासासमोर आणून ठेवला आहे, कडेवरच्या बाळासकट.